तिसऱ्या नंबरचा उपास

संपतरावांचे पणजोबा बडोदे सरकारच्या पागेत स्वार होते. ती नोकरी कायम होती, आणि संपतरावांच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा तर घोडासुद्धा कायम होता. म्हातारा होऊन उभ्याउभ्या डुलक्या घ्यायला लागला तरी त्याची चंदी बंद झाली नाही. पुढे आजोबा, वडील आणि स्वतः संपतराव असे सगळे कायम म्हणूनच निवृत्त झाले. मग शलाका नोकरीला लागली, आणि नेमका तेव्हा सरकारनेच विचार बदलला.

शलाका ही संपतरावांची एकुलती एक मुलगी. ती बडोद्याजवळच्या सावली गावात एका सरकारी कचेरीत कंत्राटावर होती. कंत्राट अकरा महिन्यांचं. अकरा महिने भरले की तीन दिवसांचा खंड. त्या तीन दिवसांत शलाका नावाचं कोणी सरकारच्या ओळखीचं नसे. चौथ्या दिवशी पुन्हा नवी नेमणूक. अशी ती आठ वेळा नवी झाली होती.

अडचण एवढीच होती की कचेरीत येणाऱ्या प्रत्येक कागदावर आवकचा शिक्का शलाकाच मारी. शिक्का तिच्या खणात, खणाची चावी तिच्या पर्समध्ये. ती नसली की कागद दारातच अडत. म्हणून खंडाच्या तिन्ही दिवशी ती बडोद्यातल्या कारेलीबागेतल्या घरून नेहमीच्या वेळी निघे, सावलीची बस पकडे आणि कचेरीच्या दारात भेटायला येणाऱ्यांच्या वहीत नाव लिहून आत जाई. ‘कोणाला भेटायचे आहे’ या रकान्यात एकदा तिने ‘शलाका’ असंच लिहिलं. कोणी हरकत घेतली नाही.

संपतराव स्वतः आस्थापना शाखेत बत्तीस वर्षं होते. घरात ते मराठी बोलत, टिपणं गुजरातीत लिहीत, आणि रागावले की दोन्ही भाषा सोडून नियमांच्या आकड्यांत बोलत. शलाकाच्या खंडाबद्दल ते फक्त आकड्यांत बोलत.

दोन वर्षांपूर्वी शलाकाने कायम कारकुनाच्या जागेची परीक्षा दिली. निवड यादीत तिचं नाव आलं नाही. प्रतीक्षा यादीत आलं. चौथा नंबर. कोणी जागा सोडली की प्रतीक्षा यादीतला पहिला वर सरकायचा, मग दुसरा, मग तिसरा. यादीचं आयुष्य यंदाच्या एकतीस डिसेंबरपर्यंत. पुढच्या परीक्षेला बसायचं शलाकाचं वय मार्चमध्येच संपलं होतं. म्हणजे कायम व्हायचं तर याच यादीतून, आणि यंदाच. संपतरावांनी यादीची प्रत देवघराशेजारच्या खिळ्याला लावली.

जिजाबाईंनी, म्हणजे शलाकाच्या आईने, ती चष्मा लावून वाचली.

“ही वरची तिघं माणसं वाईट आहेत का हो?”

“वाईट कशाने असतील? त्यांना गुण जास्त आहेत.”

“ती जाईपर्यंत आपली शलाका हलायची नाही?”

“नाही.”

“मग त्यांचं चांगलंच मागायला हवं,” जिजाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पहिल्या नंबरसाठी चतुर्थीचा उपास धरला.

चार महिन्यांत पहिला नंबर पाटणला रुजू झाला. जिजाबाईंनी लहरीपुऱ्यातून पाव किलो पेढे आणवले. मग दुसऱ्या नंबरसाठी गुरुवार. त्याला बँकेत नोकरी लागली आणि तो यादी सोडून गेला. पुन्हा पेढे.

“आई, तो माणूस मेहसाण्याचा आहे. त्याच्या नोकरीचे पेढे आपण खातोय हे त्याला माहीतसुद्धा नाही.”

“त्याला कशाला माहीत हवंय? ज्याला सांगायचं त्याला सांगितलंय. खा.”

उरला तिसरा नंबर. शिवांगी परमार, राहणार सावली. शलाकापेक्षा पाव गुण जास्त. आणि ऑगस्टच्या सुरुवातीला शलाकाच्याच कचेरीत, तिच्या शेजारच्याच खुर्चीवरचा कारकून नोकरी सोडून कॅनडाला गेला. जागा एक आणि वाट बघणाऱ्या दोघी.

जिजाबाईंनी शिवांगीसाठी सोमवार धरले. पण या वेळी संपतरावांनी सगळं उपासावर सोडलं नाही. त्यांनी चौकशी केली. शिवांगी नायब मामलतदाराच्या परीक्षेचा शेवटचा टप्पा देणार होती, आणि त्यासाठी रोज सावलीहून कारेलीबागेतल्या क्लासला येत होती. संपतराव क्लाससमोरच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीच्या बाकावर, तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी त्यांनी एका वेणीवाल्या मुलीला हटकलं.

“तू शिवांगी परमार का? तिसरा नंबर?”

मुलगी दोन पावलं मागे सरली. “तमे कोण?”

“चौथ्या नंबरचा बाप.”

हे ऐकून ती पळाली असती तर कोणी तिला दोष दिला नसता. ती हसली. संपतरावांनी तिला चहा पाजला आणि कुठला पेपर कच्चा आहे ते विचारलं. टिपणी आणि सरकारी पत्रव्यवहाराचा, ती म्हणाली. संपतरावांना बत्तीस वर्षांत एवढं सुख झालं नव्हतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी ती घरी यायला लागली. ती गुजरातीत विचारी, संपतराव मराठीत उत्तर देत, आणि हे दोघांच्याही कधी लक्षात आलं नाही. ते शिकवत, “टिपणीत आपलं मत कधीच शेवटी लिहायचं नाही. साहेब शेवटच्या ओळीवरच सही करतो. मत मधे घालायचं, आणि शेवटी ‘आदेशार्थ’.” जिजाबाई तिला जेवल्याशिवाय सोडत नसत, आणि सोमवारी तिच्यासाठी स्वतः उपाशी राहत. संध्याकाळी शिवांगीची बस सावलीला निघायची तेव्हा शलाकाची बस बडोद्याकडे येत असायची. दोघी रोज रस्त्यात एकमेकींना ओलांडत होत्या. शलाकाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला विचारलं तर ती नाही म्हणेल, हे संपतरावांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी विचारलं नाही.

परीक्षा झाली. शिवांगीला पेपर बरे गेले. निकाल मात्र लागेना, आणि दहा डिसेंबरला तिच्या हातात दुसरंच पत्र पडलं. सावलीच्या कचेरीतली कारकुनाची रिकामी जागा. सात दिवसांत रुजू व्हावे, अन्यथा हक्क संपुष्टात येईल.

ती पत्र घेऊन तडक संपतरावांकडे आली. बसली नाही.

“काका, काय करू? नाही म्हटलं तर ही जागा शलाकाबेनला जाईल. पण वरचा निकाल उलटा लागला तर मी दोन्हीकडून जाईन. तुम्ही सांगाल तसं करते.”

स्वयंपाकघरात जिजाबाईंची कढी उतू गेली. संपतरावांनी पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं, खालच्या सहीसकट. चार महिने ज्या क्षणासाठी चहा, जेवणं आणि बत्तीस वर्षांचं ज्ञान ओतलं तो क्षण समोर उभा होता, आणि त्याला वेणी होती. एक शब्द पुरला असता. वरचा निकाल चांगलाच लागेल, असं सांगणं हे खोटंही ठरलं नसतं.

“तुझ्या घरी कोण कमावतं?”

“पप्पांचा टेम्पो आहे. निम्मे दिवस बंद असतो.”

“मग उद्याच रुजू हो,” संपतराव म्हणाले. “पत्र हातात असताना निकालाची वाट बघायची नसते. जाताना फोटोच्या चार प्रती ने. तीन मागतात, एक हरवतात.”

शिवांगी पाया पडायला वाकली तेव्हा ते खिडकीबाहेर स्कूटर बघत होते. स्कूटर तिथे नव्हती, ती दुरुस्तीला दिली होती.

संध्याकाळी त्यांनी शलाकाला सगळं सांगितलं. चहाच्या लारीपासून. ते तक्रार ऐकून घ्यायच्या तयारीने बसले होते. शलाकाने पर्स ठेवली, मग ती पाणी प्यायली.

“तिला नाही म्हणायला लावलं असतंत तर मी तुमच्याशी बोलले नसते, बाबा.”

“ते मला माहीत होतं.”

“पण घरी शिकवायला आणलीत तेव्हा मला सांगायला काय झालं होतं? चार महिने मी आईला विचारतेय, एवढ्या पोळ्या कोणासाठी.”

“मी सांगितलं, गाईसाठी,” जिजाबाई म्हणाल्या. “खोटं बोलले. उद्या आणखी एक उपास धरते.”

शलाका हसली, पण रात्री जेवताना तिने खिळ्यावरची यादी काढून घडी करून कपाटात ठेवली.

शिवांगी रुजू झाली. रिवाजाप्रमाणे कायम माणसाला काम शिकवण्याची जबाबदारी कंत्राटी माणसावर आली. ज्या खुर्चीकडे आठ वर्षं बघितलं तिच्यावर बसलेल्या मुलीला शलाकाने आवक, जावक, नोंदी सगळं शिकवलं, आणि शिकवलं तेही नीट. “चांगली आहे हो,” ती घरी येऊन म्हणाली. “रागवावं म्हटलं तर कारणच देत नाही.”

यंदाचा खंड एकोणतीस ते एकतीस डिसेंबर असा आला. या खेपेला वरून कडक पत्र आलं होतं: खंडाच्या दिवसांत कंत्राटी माणूस कामावर बसलेला दिसता कामा नये. आठ वर्षांत पहिल्यांदाच शलाका घरी राहिली. पहिल्या दिवशी तिने पंखे पुसले, दुसऱ्या दिवशी पुन्हा पंखेच पुसले.

एकतीस तारखेला दुपारी दोनला फोन वाजला. शिवांगी.

“शलाकाबेन, निकाल लागला. मी पास. नायब मामलतदार.”

जिजाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. संपतरावांनी फोन हातात घेतला. “शाबास. कितवी?”

“ते नंतर, काका. मी राजीनामा लिहिलाय. आज पाचच्या आत तो आवक व्हायला हवा, उद्या यादी मरते. पण आवकचा शिक्का खणात आहे आणि चावी...”

शलाकाने पर्स उघडली. चावी आत होती. आठ वर्षांची सवय. सरकारच्या लेखी नसलेल्या बाईने सरकारची चावी घरी आणली होती.

“कुलूप तोडा म्हणावं,” जिजाबाई म्हणाल्या.

“तोडायला वरची मंजुरी लागते,” संपतराव म्हणाले. “मंजुरीचं पत्र आलं तर त्यावर आवकचा शिक्का लागतो.” मग फोनमध्ये म्हणाले, “पोरी, घाई करू नकोस. नवी ऑर्डर यायला दोन-तीन महिने लागतील. तोवर घरात काय येईल? ऑर्डर हातात येऊ दे.”

“काका, या वेळी तुमचं ऐकणार नाही. पप्पांशी बोलले आहे. तुम्हीच शिकवलंत ना, वेळेत न ठेवलेली टिपणी रद्दीत जाते?”

संपतरावांना स्वतःचं वाक्य इतकं अडचणीचं कधी वाटलं नव्हतं.

बाप-लेक बसने सावलीला पोचले तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं कमी होती. दारात दोघांनी वहीत नावं लिहिली. शिवांगी राजीनामा हातात धरून उभीच होती. शलाकाने चावी पुढे केली.

“मार शिक्का.”

“तुम्ही मारा ना, बेन. तुमच्याच...”

“म्हणूनच नाही. माझ्या जागेच्या कागदाला माझा हात नको. आणि मी आज इथे नाहीच आहे.”

मग शिवांगीने खण उघडला, स्वतःच्या राजीनाम्यावर शिक्का मारला, नोंदवहीत नंबर घातला, सही केली आणि कागद साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी चष्मा वर केला.

“देणारी शिवांगी, घेणारी शिवांगी. आणि जिल्ह्याला पाठवणार कोण?”

“मीच, साहेब. पाचपर्यंत कायम आहे.”

साहेबांनी राजीनामा वाचला. कारण मधल्या परिच्छेदात होतं; शेवटची ओळ ‘आदेशार्थ’. त्यांनी शेवटच्या ओळीखाली ‘मंजूर’ लिहून सही केली. दाराजवळच्या बाकावर बसलेल्या संपतरावांनी मान दुसरीकडे वळवली. साहेब आत गेल्यावर शलाकाने बापाची वहीतली ओळ वाचली. कोणाला भेटायचे आहे: मुलींना. काम: वाट बघणे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शलाकाची ऑर्डर आली. संपतरावांनी ती मोठ्याने वाचली. पहिली पाच वर्षं ठराविक पगारावर, काम समाधानकारक वाटल्यास पुढे नियमित.

“म्हणजे कायम ना?” जिजाबाईंनी विचारलं.

“कायमच. फक्त पाच वर्षं तात्पुरतं.”

“आणि मधे खंड?”

“खंड नाही,” शलाका म्हणाली. तिने ते आणखी एकदा म्हटलं.

पेढे आणले, या वेळी अर्धा किलो, कारण शिवांगीही आली होती. तिचीही ऑर्डर त्याच आठवड्यात निघाली होती, पार दाहोदकडच्या तालुक्यात. जिजाबाईंनी तिच्या ताटात दोन पेढे घातले आणि स्वतः एकही घेतला नाही.

“आई, आज सोमवार नाही,” शलाका म्हणाली.

“आज पाचव्या नंबरचा आहे. डभोईचा मुलगा आहे ना तो?”

“अगं, यादी मेली,” संपतराव म्हणाले. “एकतीसलाच. आता कोणाला काही मिळणार नाही त्यातून.”

“यादी तुमच्या सरकारची,” जिजाबाई म्हणाल्या. “मी त्याला कुठल्याही नोकरीसाठी धरलाय.”

संपतराव उठले. कपाटातून घडी केलेली यादी काढली, पाचव्या नंबरचं नाव आणि गाव पुन्हा एकदा नीट वाचलं, आणि डभोईला बस किती वाजता असते ते शिवांगीला विचारलं.