पाण्याचा दिवस
"जा की गं. माझं काय अडलंय? एक हात हाय न्हवं अजून," बजाबाई म्हणाल्या आणि प्लास्टरमधला उजवा हात त्यांनी पदराखाली सारला.

रेश्मा चप्पल घालून उंबऱ्यात नुसती उभी राहिली. सोलापुरात पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि त्या दिवशी बाकी सगळी कामं बाजूला पडतात. पंचाईत अशी, की रेश्माच्या गल्लीला आणि पीएचडीसाठी ती जिचा अभ्यास करत होती त्या गल्लीला पाणी एकाच वेळी सुटायचं. त्यामुळे गेली सहा वर्षं सून दुसऱ्यांचं पाणी भरणं बघायला जाई आणि सासू घरचं भरी. नवरा पुण्याला कामाला. मागच्या पंधरवड्यात बजाबाई घागरीसकट घसरल्या, मनगट मोडलं, तेव्हाही रेश्मा तिकडेच होती.

"आत्या, शेजारच्या सोनालीला सांगितलंय. ती भरून देईल. आज शेवटचंच."

"बरं," बजाबाई म्हणाल्या. हे शेवटचंच त्यांनी बऱ्याचदा ऐकलं होतं.

विषयाचं नाव सांगताना रेश्माला स्वतःलाच धाप लागायची: मानववंशशास्त्र आणि शहरी शाश्वतता. सुरुवातीला हौस होती. आता कॉलेजातली तासिका तत्त्वावरची नोकरी, गाईडचे फोन आणि दोनदा मागितलेली मुदतवाढ यांनी तिचा जीव विटला होता. तिसऱ्यांदा मुदत मिळणार नव्हती. आजचं निरीक्षण हुकलं तर प्रबंध गेलाच म्हणायचा.

ती गेली.

"आधी कमलम्माची घागर लावा गं! तिच्या नवऱ्याला ताप हाय," चंद्रव्वा ओरडली. नळ तिच्या दारात, त्यामुळे हुकूमही तिचाच. ज्या घरात दुखणं, त्या घराचं पाणी आधी, ही या गल्लीची रीत. रेश्माने त्या रीतीवर अख्खं प्रकरण लिहिलं होतं. गाईडला ते फार आवडलं होतं.

"तुमच्यात कवा येतं वो पाणी?" पाईप दुसऱ्या घागरीत टाकत चंद्रव्वाने सहज विचारलं.

"आत्ताच."

"मंग भरतंय कोण?"

"एरवी सासूबाई. आज शेजारीण." रेश्मा अडखळली. "सासूबाईंचा हात मोडलाय."

चंद्रव्वाने पाईप कमलम्माच्या हातात दिला आणि कमरेवर हात ठेवून ती रेश्माकडे बघत राहिली. "मंग तुमी हितं काय करायलाय?"

रेश्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तशीच निघाली. प्रबंध राहिला तर राहू दे, असं स्वतःशी म्हणत तिने रिक्षा थांबवली.

घरी पोचली तेव्हा नळातून नुसती हवा येत होती. सोनालीच्या दाराला कुलूप होतं.

"तिला अचानक गावाला, केमला जावं लागलं. सकाळी तू गेल्यावर सांगून गेली," बजाबाई भिंतीला टेकून म्हणाल्या. त्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. "मोठं भांडं एका हातानं उचलंना. मग लहानातच भरलं."

घरभर पाणी मांडून ठेवलं होतं. तांबे, पेले, वाट्या, डब्यांची झाकणं, देवापुढची पंचपात्रीसुद्धा. पाय ठेवायला जागा नव्हती.

"झाला का अभ्यास?" त्यांनी विचारलं.

"झाला, आत्या."

रेश्माने पदर खोचला आणि ती एकेक वाटी उचलून ड्रममध्ये ओतायला लागली. सगळं घर ओतून झालं तरी ड्रमचा तळ जेमतेम झाकला होता.