मुशीतली सन्मानचिन्हे

आमच्या मोठ्या भाऊजींना घरातसुद्धा सगळे अध्यक्षच म्हणतात. ‘मी खुर्ची शोधत नाही, खुर्चीच माझ्यामागे येते,’ असे ते स्वतः सांगतात. खरे असेल. मला एवढेच दिसते की कामाची वेळ आली की खुर्ची आणि ते, दोघेही जागचे हलत नाहीत.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर काचेचे कपाट आहे. आत सन्मानचिन्हे: सोनेरी पेले, पंख पसरलेले पक्षी, एक हात उंचावून उभी असलेली बिननाकाची माणसे. कशाकशाबद्दल मिळाली हे पाहुण्यांनी न विचारताच कळते. माझ्या मोठ्या जाऊबाई रोज सकाळी कपाट उघडून एकेक वस्तू पुसतात. देवापुढे दिवा लावायला त्यांना उसंत मिळाली नाही तरी घरात कोणी हूं की चूं करत नाही. पण एखाद्या पेल्यावर बोटाचा ठसा राहिला तर जेवताना भाषण होते.

मागच्या अंगणात माझ्या सासऱ्यांची भट्टी आहे. ॲल्युमिनियमचे भंगार वितळवायचे आणि वाळूच्या साच्यात ओतून नव्या वस्तू करायच्या, हा त्यांचा धंदा. ते गेले. काळ्या हातांनी व्यासपीठावर बसणे बरे दिसत नाही म्हणून अध्यक्षांनी हे काम कधीच सोडले होते. आमचे हे परगावी नोकरीला. राहिल्या वन्सं, माझ्या धाकट्या नणंदबाई. लग्न केले नाही, भट्टी सोडली नाही, आणि जिभेला लगाम घातला नाही. या तिन्हींबद्दल घरात त्यांना बोलणी बसतात.

अंगण कागदोपत्री अध्यक्षांचे. तिथे पत्रे टाकून सभागृह करायचे त्यांच्या मनात घोळत होते. वन्संनी विरोध केला, तेव्हा ते चारचौघांत शोभेल अशा आवाजात म्हणाले होते, “एक मोठं काम करून दाखव. माल ठरल्या वेळेला गेला तर भट्टी तुझी. नाही जमलं तर हट्ट सोडायचा.”

वन्संनी काम आणले ते रुग्णालयाचे. म्हाताऱ्या रुग्णांच्या न्हाणीघरात भिंतीला धरायच्या दांड्या लावायच्या होत्या, त्या दांड्या पेलणारे ब्रॅकेट हवे होते. “वहिनी, यात फसवाफसवी चालायची नाही,” त्या मला म्हणाल्या होत्या. “ओल्या फरशीवर म्हातारं माणूस उठतं, तेव्हा देवावर आणि या ब्रॅकेटवर भार टाकून उठतं.”

माझी प्रार्थना आटोपली की मी रोज त्यांना भंगार निवडायला हात देत असे. आधी दोरीला बांधलेले लोहचुंबक फिरवायचे. जे चिकटले ते लोखंड, ते बाहेर. पेयांचे डबे वेगळे. त्यांचा पत्रा इतका पातळ की भट्टीत धातू थोडा आणि राखच फार होते. खिडक्यांच्या चौकटी वेगळ्या, त्या मऊ. ब्रॅकेटसाठी वन्संना हवे होते ते फक्त ओतीव भंगार: इंजिनांची झाकणे, जुन्या पंपांची कवचे, यंत्रांचे तुकडे. “जे एकदा ओतून झालंय तेच पुन्हा नीट ओततं,” असे त्या म्हणत. तसले भंगार गोळा करता करता त्यांचा सगळा हिवाळा गेला होता.

अखेर ओतायचा दिवस उजाडला. साचे तयार होते. भट्टीचा पंखा घुमत होता, मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या त्या जाड भांड्यात, धातू आरशासारखा झाला होता. वन्सं वरची मळी पळीने काढत होत्या. तेवढ्यात घरातून मिरवणूक आली.

पुढे अध्यक्ष, अंगात पांढरे शुभ्र कपडे. मागे समितीचे सभासद, एक छायाचित्रकार, आणि सगळ्यांत शेवटी जाऊबाई, हातात टोपली. टोपलीत सगळी सन्मानचिन्हे.

“मित्रहो,” अध्यक्ष म्हणाले, “माणसाने मानाचाही मोह ठेवू नये. आज मी माझा सगळा मान या अग्नीला अर्पण करतो. यातून रुग्णांना आधार मिळेल!”

टाळ्या पडल्या. त्याग करायला आमच्याकडे आधी पाहुणे बोलवावे लागतात.

वन्संनी पळी खाली ठेवली. “दादा, आज नको. ही मूस रुग्णालयाच्या मालाची आहे.”

“मालातच तर टाकायचं आहे.”

“ते ॲल्युमिनियम नाही रे! कसलं आहे देव जाणे. तुला जाळायचंच असेल तर मी दुसरी मूस लावून देते. दोन मिनिटं थांब.”

“अगं, लोक उभे आहेत.”

“मग बसायला सांग. सभा घ्यायची सवय आहे ना तुला?” असे म्हणून त्या दुसरी मूस आणायला पत्र्याच्या खोलीत गेल्या.

मी पंख्याशी उभी होते. म्हणाले, “भाऊजी, वन्संना येऊ द्या.”

“तुम्ही जरा सरका,” ते म्हणाले. “फोटोत येताय.”

आणि त्यांनी टोपली उपडी केली.

लाकडी बैठकांसकट सगळे आत गेले. आधी प्लास्टिकचा काळा धूर निघाला आणि समिती खोकत मागे सरली. मग सोनेरी मुलामा पापुद्र्यांसारखा सुटला. हात उंचावलेला एक माणूस मुशीच्या काठाला टेकून राहिला होता. तो गुडघ्यातून वाकला, मग कमरेतून, आणि हात वर ठेवूनच बुडाला. छायाचित्रकाराने तेवढे बरोबर टिपले.

वन्सं दुसरी मूस उराशी धरून परत आल्या आणि जागीच थांबल्या. मुशीवर पांढुरका धूर तरंगत होता.

“काय केलंस हे?”

“धातूत धातू गेला,” अध्यक्ष सभेकडे वळून म्हणाले. “भट्टीत सगळे समान!”

पुन्हा टाळ्या. असली सन्मानचिन्हे असतात जस्ताची आणि शिशाची; संतांनी माणसांसाठी सांगितलेले त्यांना लागू केले की असे होते. माणसे माणसांत मिसळली तर पुण्य लागते. शिसे ॲल्युमिनियमात मिसळले तर ओतीव माल ठिसूळ होतो. पण टाळ्या दोन्हींना सारख्याच पडतात.

“ओत आता,” ते म्हणाले.

“मी नाही ओतणार.”

“बरं, मी ओततो.” लहानपणी शिकलेले हात होते, विसरले नव्हते. हातमोजे चढवून त्यांनी साचे भरले, आणि दर साच्यागणिक मान वर करून हसले.

थंड झाल्यावर वाळू फोडली. ब्रॅकेट निघाले ते काय सांगू, चकाकत होते. अध्यक्षांनी एक उचलून माझ्या नाकासमोर धरला. “बघा! हिच्या मालाला कधी अशी झळाळी होती का?”

वन्संनी तो त्यांच्या हातातून घेतला, ऐरणीवर ठेवला आणि हातोडीचा एक बेताचा ठोका दिला. बिस्किटासारखे दोन तुकडे झाले.

“अगं पण हातोडी मारणार कोण आहे?” अध्यक्ष म्हणाले. “म्हातारी माणसं नुसती धरणार!”

“दादा, तू स्वतः ऐकतोस का कधी, काय बोलतोस ते?”

समिती गेल्यावर त्यांचा आवाज उतरला. तो आवाज आम्हाला क्वचित ऐकू येतो, कारण त्याला श्रोते लागत नाहीत. “हे बघ, उद्या सुतार येईल. माल देऊन टाक. माल गेला की भट्टी तुझी, मी शब्द दिलाय. पुढे मोडलंच एखादं, तर भिंत कच्ची होती असं म्हणता येतं. भिंती नेहमीच कच्च्या असतात.”

ते गेल्यावर वन्सं भट्टीच्या कठड्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. वडिलांनी लिंपलेला कठडा. मला भीती वाटली. त्यांच्या मनात काय चालले असेल ते मला दिसत होते: एक दिवस गप्प राहायचे, आणि जन्मभराचे काम हातात. विचारायचे मला धाडस झाले नाही. मी वाळू चाळत बसले.

सकाळी रुग्णालयाचा सुतार आला. वयस्क, मोजके बोलणारा माणूस. त्याने एक ब्रॅकेट उचलला, उजेडात फिरवला. “छान उतरलेत.”

अध्यक्ष खुर्ची टाकून बसलेच होते. “आमच्या बहिणीचा हात आहे तो. आणि माझा थोडा त्याग.”

“काका, तो खाली ठेवा,” वन्सं म्हणाल्या. “माल खराब आहे.”

“वेडी आहे,” अध्यक्ष हसले. “नम्रता आहे तिची.”

“माझ्यात नम्रता? हा शब्द कालच ऐकलास का?” त्यांनी हातोडी उचलली आणि सुतारासमोर एकामागून एक ब्रॅकेट फोडत गेल्या. अध्यक्ष उठून उभे राहिले, बसले, पुन्हा उठले. सुताराने एक तुकडा घेऊन तुटलेल्या कडेवर अंगठा फिरवला.

“कशाने झालं?”

“मानाने,” वन्सं म्हणाल्या.

सुताराने अध्यक्षांकडे पाहिले, मग दुसरीकडे पाहिले. “मी भिंती फोडून ठेवल्यात, बाई. आठवडाभर थांबतो. नंतर मला बाजारातून आणावे लागतील.”

तो गेला. “तूच तुझ्या हाताने सभागृह बांधलंस,” एवढे बोलून अध्यक्षही गेले. खरेच होते ते. ओतीव भंगार संपले होते. उरले होते पेयांचे डबे. आम्ही दोघींनी गाव पालथे घातले. गॅरेजवाल्यांनी हात हलवले. मिळाले ते पिशवीभर, त्यात एक ब्रॅकेट झाला असता.

दोन दिवसांनी अध्यक्षांचा सत्कार झाला. कारण? सगळ्या सन्मानचिन्हांचा त्याग केला म्हणून. सत्कारात काय दिले? सन्मानचिन्ह. आधीच्या सगळ्यांपेक्षा उंच, ज्वालेच्या आकाराचे. समितीची मंडळी त्यांना वाजतगाजत घरी सोडायला आली. ज्वाला जाऊबाईंच्या हातात देत अध्यक्ष म्हणाले, “कपाटात ठेव. मधोमध.”

जाऊबाई मधल्या दिवसांत सकाळी रिकाम्या कपाटाकडे पाहत नुसत्या बसल्या होत्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या हातात फडके नव्हते. मला म्हणाल्याही होत्या, “किती गं शांत वाटतंय.” आता त्यांनी ती ज्वाला हातात घेतली, तिचे वजन केल्यासारखे वरखाली केले आणि टेबलावर आडवी ठेवली.

“अहो,” त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, “स्कूटरचं सांगितलंत का मंडळींना?”

“कुठल्या स्कूटरचं?”

“किती संकोच तो! अंगणात ताडपत्रीखाली आहे ना, तुमची पहिली. जिच्यावर बसून समाजकार्य सुरू केलंत. कित्येक वर्षं चालत नाही, पण जीव आहे तिच्यावर. कुणाला हात लावू देत नाहीत.” जाऊबाई मंडळींकडे वळल्या. “तीसुद्धा देणार आहेत भट्टीला. तिचं सगळं इंजिन ओतीव ॲल्युमिनियमचं आहे. होय ना, वन्सं?”

वन्संचे तोंड क्षणभर उघडेच राहिले. “इंजिनही, चाकांचे गाभेही. आमचं काम होऊन उरेल.”

“वा!” एक सभासद म्हणाले.

“म्हणजे मी तसा विचार…” अध्यक्ष म्हणाले. “एकदा मनात आलं होतं…”

“आणि माल गेला की भट्टी बहिणीच्या नावावर,” जाऊबाई थांबेचनात. “दिलेला शब्द यांनी कधी मोडलाय? तुम्ही सगळे साक्षीला आहातच.”

टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या, मनापासून. टाळ्या वाजत असताना नाही म्हणायची विद्या अध्यक्षांना कधी आलीच नव्हती. ते उभे राहिले आणि त्यांनी लहानसे भाषणही केले. पण हात मात्र खिशात घालून त्यांनी स्कूटरची जुनी किल्ली घट्ट धरून ठेवल्यासारखे दिसत होते.

दुसऱ्याच सकाळी आम्ही तिघी ताडपत्री ओढायला उभ्या राहिलो. पोलादी सांगाडा बाजूला पडला, इंजिन उघडले, तेल काढले. वन्संनी लोहचुंबक फिरवून आतले दंड नि खिळे वेगळे केले, तुकडे भट्टीच्या कठड्यावर तापवून कोरडे केले. जाऊबाई चेहऱ्यावर काजळी घेऊन फिरत होत्या आणि पुसत नव्हत्या.

या खेपेस ब्रॅकेट निघाले ते राखाडी, साधे, कुणी वळून पाहणार नाही असे. सुतार आला. त्याने पत्र्याच्या खोलीच्या दोन खांबांना एकेक ब्रॅकेट ठोकला, दांडी अडकवली आणि पाय उचलून लोंबकळला. मग वन्संना बोलावले. दोघे लोंबकळले. दांडी किंचित वाकली, ब्रॅकेट हलले नाहीत.

“भरा पेटीत,” तो म्हणाला. “आणखी एका मजल्याचे लागतील.”

अंगणाच्या कागदांवर सह्या व्हायला अध्यक्षांनी बराच वेळ लावला, पण झाल्या. समिती आठवण ठेवून होती.

परवा ते नव्या पाहुण्यांना घेऊन मागच्या दाराशी आले. ‘माझी स्कूटर आज शेकडो रुग्णांना उभे करते आहे,’ हे वाक्य त्यांनी वाटेतच म्हटले असावे, कारण पाहुणे भारावलेले दिसत होते. वन्सं ओतण्याच्या तयारीत होत्या. त्यांनी दाराची कडी आतून लावली.

“दादा, काम चालू आहे.”

“अगं, नुसतं बघायचं आहे.”

“बघायला सुती कपडे लागतात, जाड बूट लागतात आणि विचारून यावं लागतं.”

“माझ्या अंगणात?” असे म्हणताना आपण काय म्हणतो आहोत ते त्यांचे त्यांनाच ऐकू आले असावे. ते थांबले. मग पाहुण्यांकडे तोंड करून दाराबाहेरच उभे राहून त्यांनी बोलायला सुरुवात केली. वन्संनी मला खूण केली. मी भट्टीचा पंखा पूर्ण जोरात सोडला, आणि पुढचे आम्हाला काही ऐकू आले नाही.