लाल दोऱ्याची जुडी

दौंडच्या सायबर कॅफेत बन्सी लेकीच्या मागं स्टुलावर बसला होता. माया पुण्यात उसावर संशोधन करत होती. तिचा पहिला शोधनिबंध सोमवारी छापायला जायचा होता, त्याची शेवटची पडताळणी चालली होती.

"हे बघा आबा, हा आरएनए. ह्याच्यापासून प्रथिन बनत नाही, हा नुसता दुसऱ्यांवर हुकूम सोडतो. आन् हा डेटाबेस. जगभरच्या लोकांनी आपापल्या पिकांतले आरएनए इथं भरून ठेवलेत."

बन्सीनं मान पुढं केली. पडद्यावर ओळीनं तीच ती अक्षरं पुन्हापुन्हा आली होती. "चारच अक्षरं? मला बाराखडीला दोन हिवाळं लागलं की गं!"

माया हसली. "भात बघा, मका बघा. पाणी तुटलं की हा वाढतो. आपल्या उसात वाढतच नाही. लाल दोऱ्याची तहानलेल्या उसाच्या पानांची जुडी आन् पांढऱ्या दोऱ्याची भिजत्या उसाची, दोन्हींत सारखाच. सर म्हणाले, हे नवीनच हाय."

बन्सीचं हसू विरलं. उन्हाळ्यात माया तापानं पडली होती, म्हणून पानं तोडून बर्फाच्या डब्यातून त्यानंच पुण्याला पोचवली होती. माळावरच्या, पाणी तोडलेल्या उसाची पानं करपून सुरळी झाली होती. घरून लेकीला डागाची भाकरीसुद्धा कधी गेली नव्हती, असली पानं कशी द्यायची? त्यानं दोन्ही जुड्या पाटाकडच्या हिरव्यागार उसाच्या बांधल्या आणि एकीला लाल दोरा गुंडाळला.

गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? पोरीचं नाव छापून येणार होतं.

"झालं. सरांना धाडते."

"थांब, माये." त्यानं स्टूल पुढं ओढलं. "लाल दोऱ्याची पानंबी पाटाकडंचीच हायती."

"म्हंजी?"

"करपलेली कशी देऊ तुला?"

मायाचा हात माऊसवरून खाली आला. "आबा, मी करपलेलीच मागितली होती."

"व्हय."

"माळावरचा ऊस हाय का अजून?"

"कवाच पाटसच्या कारखान्यात गेला. गाळूनबी झाला."

म्हणजे करपलेली पानं आता पुढच्या उन्हाळ्यातच. मायानं मोबाईल काढला.

"माझं नाव सांग. म्हणावं, बाप अडाणी."

"तुम्ही आता बोलू नका."

पलीकडून आवाज आला तशी ती उठून उभी राहिली. "सर, निबंध थांबवा. दोन्ही जुड्या भिजत्या उसाच्याच होत्या. चूक माझी झाली."

बापाचं नाव तिनं घेतलं नाही. बन्सीला तेच जास्त लागलं.