क्लॅम्पपासून एक वीत

वेणीमाधवला घाण सहन होत नसे. हा त्याचा गुण आहे असं सगळे म्हणत, त्यालाही तसंच वाटे, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

गंगेकाठच्या बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीतला, वैदिकांच्या घरातला हा माणूस. देवाची उपकरणी चिंचेनं घासायची, मग आजोबा ती उन्हात धरून बघायचे, आणि एवढासा डाग दिसला की परत घासायला लावायचे. पुढं पोरगा विमानातलं वायरिंग शिकला, बाबतपूरच्या विमानतळावर एका खासगी कंपनीच्या हँगरमध्ये नोकरीला लागला, पण जित्याची खोड जाते कुठं?

कंपनीची दोन लहान विमानं यात्रेकरूंना घेऊन उडायची. दोन्ही तिशी ओलांडलेली. बाहेरून रंग मारला की म्हातारं विमानही नवरदेव दिसतं, पण आतली वायर काही तरुण होत नाही. भिंतींच्या मागं, पायाखालच्या फळ्यांखाली वायरींचे गठ्ठेच्या गठ्ठे गेलेले असतात, हातहातभर अंतरावर रबर लावलेल्या क्लॅम्पमध्ये धरलेले. त्यांच्यावर धूळ बसते, तेल बसतं, कुणाचा सांडलेला चहा बसतो. फळ्या उघडून ते तपासायचं हे वेणीमाधवचं काम. बाकीचे लोक टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन जागच्या जागी बघत. छे, ते ह्याला कसं पटावं! हा क्लॅम्प सोडवी, गठ्ठा आपल्याकडं ओढी, मुठीभोवती वळवी आणि एकेक वायर फडक्यानं लख्ख पुसून काढी. सकाळी आंघोळीला जानवं चोळावं तशी. हँगरमधले लोक म्हणत, "पंडितजीने पोंछ दिया, तो समझो गंगा नहा लिया." ते ऐकून स्वारी फुगायची.

दिनानाथला त्यानंच कामाला लावलं होतं. ब्रह्माघाटाजवळ राहणारा, दहा वर्षांनी धाकटा. बापाविना वाढलेला पोर, आईनं, म्हणजे सीताकाकूंनी, यात्रेकरूंचा स्वयंपाक करून त्याला शिकवलं. दिनू वेणीमाधवला दादा म्हणायचा आणि दादा म्हणेल ती पूर्व. हात चपळ होता त्याचा. वेणीमाधव ज्या कामाला अर्धा दिवस लावी, ते दिनू तासाभरात करून चहा प्यायला मोकळा. "घाई नको रे दिनू," वेणीमाधव येताजाता म्हणायचा. खरं सांगायचं तर त्या चपळाईचा त्याला थोडा हेवाही वाटायचा, पण हे त्यानं स्वतःशीसुद्धा कधी कबूल केलं नाही.

आठ वर्षांपूर्वी एका सकाळी त्यातलं एक विमान यात्रेकरूंना घेऊन उडालं, आणि उजव्या बाजूच्या फळ्यांखालून धूर यायला लागला. कॅप्टननं विमान वळवून परत आणलं. कुणाला काही झालं नाही, ही विश्वनाथाची कृपा. फळ्या उघडल्या तर एका गठ्ठ्यातल्या चार वायरी जळून एकमेकींना चिकटलेल्या. अकरा दिवसांपूर्वी तोच गठ्ठा वेणीमाधवनं सोडवून पुसला होता, आणि दिनानाथनं नवा क्लॅम्प लावून बंद केला होता. दोघांच्या सह्या होत्या.

कंपनीनं चौकशी लावली. जळालेली जागा क्लॅम्पपासून एक वीतभर लांब होती. फोटोत स्वच्छ दिसत होतं. क्लॅम्प चुकीचा बसला असता तर वायर क्लॅम्पपाशी जळायला हवी, हे शेंबडं पोरही सांगेल. चौकशीवाल्यांनी तेच विचारलं. त्यावर वेणीमाधव म्हणाला, "मी पुसला तेव्हा गठ्ठा ठणठणीत होता. नंतर क्लॅम्प आवळताना वायर ताणली गेली असेल. ताण एकीकडं देतात, तुटतं दुसरीकडं." तो काही खोटं बोलत नव्हता. त्याला मनापासून तसंच वाटत होतं. आपल्या हातानं वायर बिघडेल ही कल्पनाच त्याच्या डोक्यात शिरत नव्हती.

चौकशीवाल्यांनी दिनानाथला विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचंय?" दिनानाथनं दादाकडं पाहिलं. मग म्हणाला, "दादा म्हणतात तर तसंच झालं असेल. माझा हात घाईचा आहे."

त्याची नोकरी गेली. दुसरीकडंही कुणी विमानाला हात लावू दिला नाही, आणि खरं म्हणजे त्यानं मागितलंच नाही. एका धर्मशाळेत यात्रेकरूंची नावं लिहून घ्यायला तो बसू लागला. घरात बल्ब गेला तर त्याची बायको कस्तुरी स्टुलावर चढून बदलायची. दिनानाथ खाली स्टूल धरून उभा राहायचा, पण वर बघायचा नाही. इतक्या माणसांचे जीव आपण घेणार होतो, हे त्याच्या मनात पक्कं बसलं होतं.

सीताकाकू मात्र मानायला तयार नव्हत्या. गल्लीत वेणीमाधव भेटला की हात धरून विचारायच्या, "वेणी, खरंच रे माझ्या दिनूनं केलं?" आणि वेणीमाधव मान हलवून म्हणायचा, "होतं असं काकू. मुद्दाम थोडंच केलं त्यानं." किती मोठं मन, नाही का!

हे असं यंदाच्या श्रावणापर्यंत चाललं. वेणीमाधवच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते, आणि कंपनीनं जुन्या विमानांच्या वायरिंगवर दोन दिवसांचा वर्ग ठेवला. शिकवायला नागपूरची मुक्ता नावाची इंजिनिअर आली होती, तिशीचीही नसेल. वेणीमाधव पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला. ही काल जन्मलेली पोरगी आपल्याला काय शिकवणार, हे तोंडावर स्पष्ट लिहिलेलं.

मुक्तानं भंगारात काढलेल्या एका विमानातला गठ्ठा टेबलावर ठेवला. "ह्याची सफाई कशी करता, कुणी दाखवेल?" सगळ्यांनी वेणीमाधवकडं बोट केलं. तो उठला, बाह्या सारल्या, गठ्ठा मुठीभोवती वळवला आणि अशी काही वायर पुसली की तांब्याची पळी वाटावी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुक्तानं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं ती वायर बारीक कॅमेऱ्याखाली धरली आणि समोरच्या पडद्यावर ती मनगटाएवढी जाड दिसायला लागली.

वायरीच्या पिवळट तपकिरी कवचावर गोल गोल भेगा होत्या. एकापुढं एक, बांगड्या भरल्यासारख्या. जिथं वायर मुठीभोवती वळली होती, बरोबर तिथं.

"ह्याच गठ्ठ्यातली ही दुसरी, हात न लावलेली," मुक्ता म्हणाली. तिच्यावर धूळ होती, पण कवच अखंड होतं. मग तिनं दोन्ही वायरी मिठाच्या पाण्यात बुडवून मेगर, म्हणजे कवचातून वीज गळते का ते दाखवणारं यंत्र, लावला. धुळकट वायर पास झाली. लख्ख वायर नापास झाली. "नवी वायर वाकते. ही तीस वर्षांची वायर वाकत नाही, तडकते. लगेच काही होत नाही. कधी दहा-पंधरा दिवसांत, कधी कितीतरी वर्षांनी भेगेत ओल शिरते आणि मग ठिणगी पडते. म्हणून जुना गठ्ठा जागेवरून हलवायचा नाही. हलक्या ब्रशनं धूळ काढायची आणि आरशानं बघायचं." मग आतापर्यंत हिंदीत शिकवणारी ती मराठीत, हळूच म्हणाली, "काका, तुम्हाला वाईट वाटायला नको. सगळीकडं जुने लोक असंच करतात."

वेणीमाधव जागेवर जाऊन बसला. पुढं ती काय बोलली, त्यातलं एक अक्षर त्याच्या कानात शिरलं नाही. तो डोळ्यांपुढं आठ वर्षांपूर्वीचा फोटो बघत होता. क्लॅम्प, आणि क्लॅम्पपासून एक वीत. त्यानं टेबलाखाली आपली मूठ वळली आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत हात ताणून पाहिला. क्लॅम्प सोडवून गठ्ठा मुठीवर घेतला की वाक तिथंच यायचा. दुसरीकडं येऊच शकत नव्हता.

घरी येऊन त्यानं बायकोला, इंदूला सगळं सांगितलं. जेवला नाही. अरेरे, त्या पोराचं मी वाटोळं केलं, म्हणाला, आणि रडला. इंदूनं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "उठा. तोंड धुवा आणि आत्ता काकूंकडं जा."

"जातो ना. पण समारंभ होऊन जाऊ दे," वेणीमाधव म्हणाला.

"कसला समारंभ?"

"निरोपाचा. महिनाअखेरीस नाही, पुढच्या महिन्याच्या. चौतीस वर्षं झाली इंदू. आत्ता बोललो तर कंपनीत कळणार. मग शाल घालतील ती कुठल्या तोंडानं घेऊ? दोन महिन्यांनी काय बिघडतंय? आठ वर्षं गेली तिथं दोन महिने."

"काकूंचं वय काय?" इंदूनं विचारलं.

"सत्त्याऐंशी."

"आणि तुम्ही शालीची वाट बघताय," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

काय म्हणावं ह्या माणसाला? दुष्ट नव्हता हो. हँगरमध्ये त्यानं दुसऱ्याच दिवसापासून गठ्ठ्यांना हात लावणं बंद केलं, पोरांनाही लावू देईना. दोन्ही विमानांतले जे गठ्ठे त्यानं पुसले होते ते सगळे मेगर लावून तपासायला लावले, सात ठिकाणी वायर बदलायला लावली. कारण विचारलं तर म्हणाला, "नवी पद्धत आलीय." 'चूक माझी होती' एवढं एक वाक्य मात्र त्यानं कुणापाशी काढलं नाही.

गणपतीत गल्लीतल्या एका घरी आरतीला गेला तेव्हा तिथल्या जिन्यात सीताकाकू भेटल्या. त्यांना एक पायरी चढायला दोनदा श्वास घ्यावा लागत होता. त्यांनी नेहमीसारखा हात धरला. "वेणी, खरंच रे माझ्या दिनूनं केलं?"

ह्या वेळी वेणीमाधवची मान हलली नाही. "काकू, मी येणार आहे तुमच्याकडं. सावकाश बसून बोलायचंय."

"मग आत्ताच बोल की. मी कुठं पळतेय?"

"आत्ता जरा घाईत आहे काकू. आरती चाललीय."

काकूंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. "घाई? तुला कधीपासून? घाई तर माझ्या दिनूची ना?" आणि हात सोडून त्या वर गेल्या.

नवरात्राच्या पाचव्या माळेला सीताकाकू गेल्या. वेणीमाधवनं खांदा दिला. मणिकर्णिकेवर दिनानाथच्या शेजारी उभा राहिला, दिनानाथ त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडला, तेव्हाही तो बोलला नाही. चार दिवसांनी समारंभ झाला. साहेबांनी भाषणात सांगितलं की, चौतीस वर्षांत पंडितजींच्या कामावर एक डाग नाही. शाल अंगावर पडली तेव्हा त्यानं तोंड फिरवलं. लोकांना वाटलं, गहिवरून आलं असेल.

तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो दिनानाथच्या घरी गेला. कंपनीला लिहिलेलं पत्र बरोबर होतं, खाली सही केलेलं. एक प्रत सकाळीच साहेबांना पोचवून आला होता. कस्तुरीनं चहा ठेवला. वेणीमाधवनं चहाला हात न लावता सगळं सांगितलं. मुक्ताचा वर्ग, भेगा, वीतभर अंतर, सगळं. एक शब्द गाळला नाही. "तुझा क्लॅम्प उत्तम बसला होता दिनू. चूक माझी होती. तुझी कधीच नव्हती."

दिनानाथनं पत्र हातात घेतलं. दोनदा वाचलं. मग त्यानं आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, आणि मांडीवर ठेवले.

"हे तुम्हाला कधी कळलं, दादा?" विचारलं ते कस्तुरीनं.

वेणीमाधवला परवा म्हणता आलं असतं. मागच्या आठवड्यात म्हणता आलं असतं. मुक्ता नागपूरला होती, इंदू बोलली नसती.

"श्रावणात," तो म्हणाला.

"म्हणजे गणपतीत आईंनी जिन्यात विचारलं, तेव्हा माहीत होतं."

"होतं."

"खांदा दिलात तेव्हा?"

"तेव्हाही होतं, कस्तुरी. समारंभ होऊन जावा, एवढ्यासाठी थांबलो. मला लाज वाटत होती."

कस्तुरीनं पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली. खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दिनानाथ पत्राची घडी घालत होता, आधी होती तशीच, रेघेवर रेघ.

"आई शेवटपर्यंत शुद्धीत होती," तो म्हणाला. "तुम्हाला ठाऊक आहे, तिनं कधी मानलं नाही. पण आदल्या रात्री मला जवळ बोलावलं. म्हणाली, दिनू, मी उगाच हट्ट करत होते. माणसाच्या हातून चूक होते. झालं ते झालं, मी तुला माफ केलं." तो थांबला. "मी म्हटलं, बरं आई."

वेणीमाधव दिनानाथच्या पायांकडं वाकायला लागला, तेव्हा दिनानाथनं पाय मागं घेतले.

मग वेणीमाधव उठला. दारात चपला घालताना सवयीनं म्हणाला, "येतो." आतून कुणी 'या' म्हटलं नाही. तो क्षणभर कडी धरून उभा राहिला, मग एकेक पायरी उतरत खाली गेला.