डावीकडची गिरकी

"विजारी लाल आहेत, तेवढं मलाही दिसतंय," लेफ्टनंट ॲशमीड दबक्या आवाजात म्हणाले. "पहाटे आले तेही लाल विजारीतच आले होते."

आडव्या पडलेल्या ओकच्या खोडामागे ओबेद क्रॅन्स पालथा पडला होता आणि डोळे बारीक करून ओढ्यापलीकडे बघत होता. बेचाळीस वर्षे सुईच्या नाकात दोरा ओवून ओवून त्याची जवळची नजर गेली होती, पण लांबचे अजून चांगले दिसायचे. पलीकडच्या झुडपांतून माणसे बाहेर आली होती. चार दिसत होती. मागे आणखी काहीतरी होते, धुक्यात ते नीट कळत नव्हते. घोळदार लाल विजारी, आखूड निळी जाकिटे, एकाच्या डोक्यावर गोंड्याची टोपी, बाकीच्यांच्या डोक्याला चिंध्या. तोंडे बंदुकीच्या दारूने काळी ठिक्कर.

"हाक मारून बघू का, साहेब?" त्याने विचारले.

"मार की. मघापासून तेच चाललंय ना?"

ओढा दोन दिवसांच्या पावसाने फुगला होता. त्याच्या घोंघाटात पलीकडचा शब्द अलीकडे येत नव्हता आणि अलीकडचा पलीकडे जात नव्हता. पलीकडचा एक माणूस तोंडाभोवती हात धरून ओरडत होता. काय ओरडत होता ते देवालाच ठाऊक. परवलीचा शब्द काल रात्री बदललेला. ती माणसे आपली असली, तरी त्यांना तो माहीत असण्याचे कारण नव्हते.

शेजारच्या पलटणीचे तीन पहारेकरी पहाटेच मेले होते. दक्षिणेकडच्या बंडवाल्यांनी कालच्या लढाईत पडलेल्या लाल विजारवाल्यांच्या अंगावरचे कपडे उतरवून घेतले, ते चढवले आणि 'आम्ही तुमचेच' म्हणत सरळ चौकीपर्यंत आले. तेव्हापासून हुकूम असा, की उतारावर जो पाय ठेवील त्याला आडवा करायचा.

खोडामागे अकरा बंदुका होत्या. सगळे पहिल्या आणि दुसऱ्या कंपनीचे लोक. चौथ्या कंपनीचा एकटा ओबेद. काल सकाळी कंपनी माघार घेणाऱ्या सैन्याची पाठ राखायला ओढ्यापलीकडे गेली, तेव्हा त्याला मागे ठेवले होते. कर्नलसाहेबांच्या कोटाची सोनेरी फीत उसवली होती आणि पलटणीत शिंपी तो एकच. फीत शिवून झाली. कंपनी परत आली नाही.

"क्रॅन्स, त्यातलं कुणी ओळखू येतंय?"

"इतक्या लांबून चेहरा नाही कळत, साहेब."

"कपडे? तूच शिवलेत ना?"

"पुढच्याच्या डाव्या गुडघ्यावर करड्या घोंगडीचं ठिगळ आहे. ते मी लावलंय. तसली कैक लावलीत आजवर. पण विजार माझी असली तरी आतला माणूस कोण, ते ठिगळावरून कसं सांगू?"

शेजारी पडलेला दुसऱ्या कंपनीचा हाइन्स फिस्सकन हसला. "खरं बोलला बघा शिंपी. आणि शेलेच नाहीत त्यांच्या कमरेला. मुडद्यावरनं विजार ओढता येते, शेला गुंडाळायचा कसा ते कुठं येतंय त्या हरामखोरांना?"

हे सगळ्यांनीच पाहिले होते, फक्त कुणी बोलले नव्हते. चौघांच्याही कमरा उघड्या होत्या. आपला माणूस एक वेळ टोपी टाकील, बूट टाकील, पण शेला टाकणार नाही.

लेफ्टनंटसाहेब तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले. ते या पलटणीत आठवड्यापूर्वीच आलेले. मान वर करून त्यांनी रांगेवरून नजर फिरवली. "तयार राहा. पाण्यात उतरले की गोळ्या सोडायच्या."

अकरा बंदुकांचे घोडे खटाखट वर झाले.

पलीकडे राहिलेल्या चौथ्या कंपनीत लायनस मॅकव्हे होता.

पलटणीचा निळा शेला सात हात लांब असे. तो एकट्याने गुंडाळता येत नसे. एकाने टोक ताणून धरायचे आणि दुसऱ्याने हात वर करून गिरक्या घेत घेत त्यात शिरायचे, पुढे पुढे येत धरणाऱ्याच्या छातीपर्यंत पोचायचे. म्हणून पलटणीत प्रत्येकाचा एक जोडीदार ठरलेला असे. ओबेदचा जोडीदार लायनस. ट्रॉयच्या कालव्यावर घोड्यांनी ओढायच्या बोटी चालवणारा, जाडजूड मनगटांचा आणि तोंडाने फाटका माणूस. सतरा महिने रोज सकाळी तो ओबेदच्या शेल्याचे टोक धरी आणि ओबेद त्याच्या. "पोट सुटलंय, शिंपीदादा," तो रोज म्हणे. "आज परत एक वेढा कमी बसला. घरी बायको ओळखायची नाही." आणि टोक मात्र असा ताणून धरी, की ओबेदला दिवसभर कंबर बांधल्यासारखी वाटे. "दोर ढिला सोडायची सवयच नाही आपल्याला," म्हणे.

शेले पहिल्यांदा आले ते ऑल्बनीच्या छावणीत. पेट्या उघडल्या तर ते बांधायचे कसे, हे कुणालाच ठाऊक नव्हते. कुणीतरी म्हणाले, शिंप्याला विचारा. ओबेद डावखुरा. त्याने आपल्या हाताला सोयीचे तसे करून दाखवले. डावीकडे गिरकी घ्यायची आणि टोक उजव्या कुशीत खोचायचे. चौथी कंपनी तेच शिकली. पंधरा दिवसांनी कवायतीचा उस्ताद आला. ज्यांच्यावरून हा पोशाख उचलला होता, त्या फ्रान्सच्या आफ्रिकेतल्या पलटणी त्याने पाहिल्या होत्या. तो म्हणाला, गिरकी उजवीकडे घ्यायची. बाकी सगळ्या कंपन्या उजवीकडे फिरू लागल्या. चौथीला मात्र ते जमेना. माणसे भोवळ येऊन एकमेकांवर पडू लागली. पुढे संचलनात गव्हर्नरसाहेबांसमोर नऊ कंपन्यांची टोके डावीकडे आणि एकीची उजवीकडे, असा देखावा झाला. कर्नलसाहेबांनी चारचौघांत चौथीच्या सार्जंट टर्नबुलची कानउघाडणी केली.

तेव्हापासून टर्नबुलने ओबेदशी दावा धरला. 'उलट्या हाताचा' हेच त्याचे नाव ठेवले. महिनाभर त्याने कंपनीला जेवणाआधी उजवीकडे गिरक्या घ्यायला लावल्या. लायनस मुद्दाम डावीकडे फिरे आणि उपाशी राही. शेवटी टर्नबुल थकला. पण तो स्वतः कधी बधला नाही. अख्ख्या चौथ्या कंपनीत उजवीकडे फिरणारा माणूस तो एकटा.

"साहेब," ओबेद म्हणाला, "मला उभं राहू द्या."

"काय?"

"मी उभा राहतो आणि शेला धरतो. आपले असले तर त्यांना कळेल."

"काय कळेल? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आमची कंपनी डावीकडे फिरते, साहेब. सबंध सैन्यात दुसरं कुणी फिरत नाही. कपडे चोरता येतात, हे नाही चोरता येत."

लेफ्टनंटसाहेबांनी हाइन्सकडे बघितले. हाइन्सने मान डोलावली. "हे खरंय साहेब. येडी कंपनी आहे ती."

"आणि उजवीकडे फिरले तर?"

"मग तुम्ही तुमचं करा."

"ते बंडवाले असले तर तू आधी मरशील, समजतंय ना?"

ओबेद तोवर उठला होता. गुडघे कटकन वाजले. खोड ओलांडून तो उतारावर आला, मोकळ्यात. बंदूक त्याने मागेच ठेवली होती. कमरेचा शेला त्याने उलगडला, एक टोक मुठीत घेऊन हात समोर ताणला आणि उरलेला शेला गवतावर पसरू दिला. रोज सकाळी उभा राहतो तसाच तो उभा राहिला. फक्त समोर कुणी नव्हते.

पलीकडे हालचाल थांबली. पुढचा माणूस ओरडायचा बंद झाला. तो बघत होता. मग त्याने मान वळवून मागे काहीतरी सांगितले. मागच्या तिघांतला एक खाली वाकला, आणखी वाकला, जणू जमिनीवरचे काही ऐकत होता.

वेळ जाता जात नव्हता. ओबेदचा दंड भरून आला. मागे कुणाची तरी बंदूक खोडावर घासली.

"सांभाळून," लेफ्टनंटसाहेबांचा आवाज आला. "मी सांगेपर्यंत नाही."

पुढच्या माणसाने बंदूक गवतात ठेवली आणि दोन पावले पुढे आला. ते चालणे ओबेदने ओळखले. उजवा खांदा पुढे काढून, दार ढकलल्यासारखे. असा एकच माणूस चालत असे.

टर्नबुल.

'फिरू नकोस,' तो मनात म्हणाला. 'देवा, त्याला फिरू देऊ नकोस.' मागे वळून साहेबांना सांगावे, की हा एकटा उजवा आहे? कोण ऐकणार? फिरण्यावरून ओळखा म्हणून आत्ताच आपण सांगितले, आणि आता म्हणायचे की याचे फिरणे धरू नका?

टर्नबुलने दोन्ही हात वर केले. टाच रोवली. त्याचे अंग उजवीकडे वळले.

"साहेब—" हाइन्स म्हणाला.

"थांब."

टर्नबुल मध्येच थांबला. पाठ अर्धी वळलेली, हात तसेच वर. मागून कुणीतरी त्याला काही ओरडून सांगत होते. तो तसाच राहिला.

मग तो अवजड माणूस माघारी वळला आणि डावीकडे फिरला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा तोल जाऊन पडता पडता सावरला. त्याच्या मागे दुसऱ्याने हात वर केले. तोही डावीकडे. मग तिसरा आणि चौथा. ओल्या गवतात, बंदुका खाली टाकून, काळ्या तोंडांची चार माणसे कमरेला काही नसताना डावीकडे गिरक्या घेत होती.

"घोडे खाली करा," लेफ्टनंटसाहेब म्हणाले. "सगळ्यांनी. खाली करा."

हाइन्स हसत होता आणि बाहीने नाक पुसत होता.

ते ओढ्यातून आले तेव्हा शेल्यांचा उलगडा झाला. चौघांचे शेले एकमेकांत गुंफून, दोन लांब दांड्यांना बांधून त्यांनी झोळी केली होती. मध्ये लायनस होता. त्याचा स्वतःचा शेला त्याच्या पोटावर घट्ट आवळलेला होता. तो निळा राहिला नव्हता.

ओबेद झोळीपाशी गेला. "लायनस. अरे ए. बघ इकडं."

टर्नबुल धापा टाकत होता. त्याने टोपी काढली.

"नको क्रॅन्स. गेला तो."

"कधी?"

"आत्ताच." टर्नबुलने ओढ्याकडे बघितले. "काठाला पोचलो तेव्हा बोलत होता. रात्रभर बोलत होता. तोंड म्हणून मिटलं नाही त्याचं. मी म्हटलं, समोर तो उलट्या हाताचा शेला धरून उभा आहे, येड लागलंय त्याला. तर म्हणाला, येड नाही, ओळख मागतोय तो. फिर म्हणाला." सार्जंटने टोपीने तोंड पुसले. "माझा पाय सवयीनं उजवीकडं गेला. तशी झोळीतनं ओरडला बघ. 'डावीकडं, गाढवा.' सार्जंटला गाढवा म्हणाला. मी फिरलो, वळून बघितलं, तर गेलेला."

ओबेदने लायनसच्या पोटावरच्या शेल्याला हात लावला. वेढे नीट बसले होते, एकही ढिला नव्हता. टोक उजव्या कुशीत खोचलेले होते. काल सकाळी ते टोक ओबेदने धरले होते. कर्नलसाहेबांचा माणूस फितीसाठी घाई करत होता, म्हणून जरा घाईतच धरले होते.

"हे कुणी बांधलं?"

"मी," टर्नबुल म्हणाला. "तो सांगत गेला तसं."

दुपारी त्याला ओढ्याच्या वरच्या अंगाला पुरले. शेला त्याच्या अंगावर तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचा बिगुल झाला. काळी कॉफी आणि दगडासारखी बिस्किटे पोटात ढकलून माणसे तंबूंपुढे जोडीजोडीने उभी राहिली आणि गिरक्या सुरू झाल्या. चौथ्या कंपनीतली आता पाचच माणसे उरली होती. दोन जोड्या झाल्या आणि ओबेद उरला.

त्याने कुणाला विचारले नाही. तंबूमागे ओकचे एक कोवळे झाड होते. त्याच्या फांदीला त्याने शेल्याचे टोक गाठ मारून बांधले, सात हात मागे गेला, हात वर केले आणि फिरू लागला. दुसऱ्या गिरकीला फांदी वाकली. शेला लोंबला आणि कमरेवरून घसरला. त्याने उलगडून पुन्हा सुरुवात केली. फांदी पुन्हा वाकली.

टर्नबुल आपला शेला बांधून हजेरीची वही घेऊन तिकडून चालला होता. तो थांबला. शिव्या देईल म्हणून ओबेदने मान खाली घातली.

टर्नबुलने वही काखेत मारली आणि तो झाडापाशी गेला. शेल्याला त्याने हात लावला नाही. दोन्ही हातांनी फक्त फांदी धरली, तिच्यात अंगाचा भार घातला आणि तोंड दुसरीकडे करून उभा राहिला.

ओबेदने हात वर केले. शेला ताठ झाला होता. तो डावीकडे फिरू लागला.