दादूची बरणी

"दादू, ह्या कांड्या कोणी घासल्या?"

सोहनी मास्तरांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. दादूने हातातलं फडकं खाली ठेवलं. रत्नागिरीच्या शाळेत वीस वर्षं शिपाईगिरी केलेला माणूस. त्याने घासलेल्या पितळेत तोंड दिसायचं. अशा माणसाच्या प्रयोगशाळेत एका बरणीत कोळशाच्या दोन कांड्या होत्या. एक वरच्या पाण्यात, अन् दुसरी खाडीच्या चिखलात, शेवाळल्यासारखी बुळबुळीत! त्याला ते कसं बघवणार?

"म्याच घासल्या. राख नि काथ्यानं. परवा पावणे येनार ना, म्हनून."

"अरे, त्या बुळबुळीतल्या बारीक जिवांचीच तर वीज होती!"

मास्तर मटकन स्टुलावर बसले. वीज दाखवणारी सुई शून्यावर पडली होती. महिनाभर जपलेली ती इवलीशी वीज परवाच्या संमेलनात दाखवायची होती, आणि पुन्हा बुळबुळ धरायला तीन आठवडे हवेत. ते रागावले असते तरी दादूला परवडलं असतं.

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. त्याच्या बायकोने, मालनने, खोदून विचारलं, सगळं ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागली.

"कोळश्याला बुळबुळ हवी? अवो, आपल्या सोडनांच्या खड्ड्यात काय हाय मग? काठ खचला तवा सोनाराकडचे कोळसे मीच नाय का टाकले? भट्टीत तापून खनखनीत झालेले. वरीस झाला."

नारळाची सोडणं काथ्यासाठी कुजत घातलेला तो खाडीकाठचा खड्डा. सकाळी ओहोटीला मालन कासोटा घालून गुडघाभर उतरली. दादूने एक कोळसा चिखलासकट घमेल्यात घालून शाळेत आणला. वाटेतली पोरं नाक धरून पळाली.

मास्तरांनी कोळशाला तार बांधली आणि बरणी पुन्हा भरली. संध्याकाळी सुई थरथरली. संमेलनाच्या दिवशी तर जुन्या खुणेच्या दोन घरं पुढे गेली! पाहुण्यांनी कोळसा कुठला म्हणून विचारलं, तेव्हा मास्तरांनी दाराआडच्या दादूला हाताला धरून पुढे आणलं.

"ह्यांच्या घरचा."

"माझ्या नाय, मालनच्या," दादू पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते.

सोमवारी तो फडकं घेऊन आला, तर बरणीवर नवी चिठ्ठी. पगारावर सही करून करून त्याला एवढंच वाचता यायचं: स्वतःचं नाव. ते तिथे होतं. बाकीचं मास्तरांनी वाचून दाखवलं.

"दादूला विचारल्याशिवाय हात लावू नये."

दादूने शाळेतलं सगळं पितळ घासलं. बरणीशी आल्यावर मात्र फडकं खांद्यावर टाकून, हात मागे बांधून, तो नुसता उभा राहिला.