लेकीच्या गावचं हवामान

बसस्थानकात नवी स्क्रीन लागली, तेव्हा किल्लीवाल्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांची टपरी नेमकी तिच्या समोर होती, तरी ते मान खाली घालून कानस चालवत राहिले.

"बस येते ती डोळ्यांना दिसते. तिच्यासाठी भिंतीला कशाला विचारायचं?" एवढंच म्हणाले.

पण या स्क्रीनची गंमत वेगळी होती. तिच्यावर काय दिसावं, ते येणाऱ्या-जाणाऱ्यांनीच ठरवायचं. अक्षरं मोठी करा, रंग बदला, आपली बस वर घ्या. शिवाय खालच्या भागात ज्याला त्याला आपल्या आवडीचा एक चौकोन लावायची मुभा होती. नर्सबाईंनी गच्चीतल्या गुलाबाचा फोटो लावला. पोस्टमन रोज एक विनोद लावायचा, आणि तो इतका जुना असायचा की लोक आधी शेवट सांगून मग वाचायचे.

किल्लीवाल्यांची बायको दुपारी डबा घेऊन यायची. तिने एकदा चौकशीच्या खिडकीतल्या बाईंना हळूच विचारलं, "इथे दुसऱ्या गावचं हवामान लावता येतं का हो?"

"येतं की. कुठलं लावू?"

"तुम्ही दाखवा फक्त. मी लावते."

लेक नोकरीसाठी ज्या शहरात गेली होती, त्याचं नाव तिने चाचपडत टाकलं. जाताना बापलेकीचं कडाक्याचं वाजलं होतं. "टपरी कोण बघणार?" हा बापाचा प्रश्न, आणि "माझं आयुष्य कोण बघणार?" हा लेकीचा. तेव्हापासून तिचा फोन आला की किल्लीवाले हात धुवायला मोरीत जायचे आणि तो संपेपर्यंत हात धूतच राहायचे. तसे फोनही लांबत नसत. बरी आहे, कामात आहे, ठेवते.

आता आईला निदान तिच्या डोक्यावरचं आभाळ तरी दिसायचं. डबा उघडताना ती म्हणायची, "तिकडे पाऊस आहे. छत्री नेली असेल ना हिने?"

"मला काय ठाऊक?" किल्लीवाले घास मोडत म्हणायचे.

एके दिवशी ती जरा लवकर आली, तर टपरी रिकामी. अर्धवट कापलेली किल्ली तशीच अडकवलेली. किल्लीवाले स्क्रीनपाशी उभे होते. चष्मा कपाळावर आणि नाक काचेला टेकेल इतकं जवळ. एका बोटाने ते त्या चौकोनातली अक्षरं मोठी करत होते. ती तशीच मागे फिरली. कोपऱ्यावर थांबली, आणि ते जागेवर येऊन बसल्यावर मगच डबा घेऊन गेली. 

पुढे पुढे किल्लीवालेच सांगू लागले. "आज धुकं होतं तिकडे." "थंडी वाढलीय. आळशी आहे कार्टी, स्वेटर घालायची नाही."

मग एका संध्याकाळी लेकीचा फोन आला. आई घाईघाईने म्हणाली, "अगं, गारा पडतायत ना? बाहेर नको पडू."

"गारा? इथे कोरडं आहे, आई."

"असं कसं? तिथे तर..."

लेक म्हणाली, "मी ते शहर सोडलं गं. नोकरी बदलली, उन्हाळ्यातच. सांगायचं राहूनच गेलं."

आईने मनातल्या मनात दिवस मोजले. म्हणजे तो सगळा पाऊस, ते धुकं, ती थंडी कुणा दुसऱ्याच्याच लेकीवर पडत होती.

"पण गारांचं तुला कोण म्हणालं?"

"तुझे बाबा. रोज बघतात ते."

 मोरीतला नळ बंद झाला. किल्लीवाले ओल्या हातांनीच बाहेर आले आणि त्यांनी फोन घेतला. 

"काय नाव त्या नव्या गावाचं?" त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं.

"दाराला कुलूप बरं आहे ना तुझ्या?"

"बरं आहे, बाबा."

"बरं असून भागत नाही. दार थोडं उचलून लावावं लागतं का?"

"हो," ती म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं?"

सकाळी टपरी उघडायच्या आधी त्यांनी नवं नाव टाकलं. तिथे स्वच्छ ऊन होतं. रांगेतले लोक खोळंबले, तरी ते बराच वेळ बघत राहिले.

लेक अजून आलेली नाही. यायचं म्हणते, मग रजा मिळत नाही. पण हल्ली फोन केला की ती आधी बाबांना मागते.